नंबरप्लेट कुठली, पार्किंग कुठलं: ठाणे-नवी मुंबईत गाडीच्या विम्याचा हिशेब

विमा कंपनीला तुमच्या घराचा पत्ता लागतो तो मुख्यतः कागदपत्रं पाठवायला. दर काढताना तिची नजर आधी नंबरप्लेटवर जाते. गाडी कोपरीत उभी असते की कासारवडवलीत, यावरून कोटेशन सहसा हलत नाही. ती एमएच-०४ आहे, एमएच-४३ आहे की मुंबईहून आणलेली एमएच-०२, यावरून मात्र हलतं. म्हणून नूतनीकरणाच्या महिन्यात पहिलं काम म्हणजे आरसी बाहेर काढून नोंदणी कुठल्या आरटीओची आहे ते पाहणं.

आपल्या भागात हे वाटतं तितकं सरळ नसतं. ठाणे शहराची गाडी एमएच-०४, कल्याण-डोंबिवलीची एमएच-०५. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूरची एमएच-४३. खारघर, कामोठे, कळंबोली लोकांच्या तोंडी नवी मुंबईच, पण जिल्हा रायगड, त्यामुळे गाडी पनवेलची, एमएच-४६. शिवाय मुलुंड-भांडुपहून घोडबंदर रोडला राहायला आलेल्यांच्या एमएच-०३ गाड्या सोसायटीत रांगेने दिसतात. एकाच मजल्यावरच्या तीन कुटुंबांना एकाच मॉडेलसाठी तीन वेगळे आकडे येतात ते यामुळे.

अमेरिकेत मुलं असलेल्या आईबाबांचा इथे गोंधळ होतो. तिकडे घराचा झिप कोड बदलला की दर बदलतो, आणि तोही बराच. कॅलिफोर्नियाने १९८८ साली लोकमताने मंजूर केलेल्या प्रस्ताव १०३ मध्ये चालकाची कामगिरी, वर्षाचे मैल आणि अनुभवाची वर्षं यांना पत्त्यापेक्षा जास्त वजन देणं बंधनकारक केलं, कारण तिथे तक्रारच ती होती. आपल्याकडे विमा गाडीचा असतो, चालकाचा नव्हे. त्यामुळे व्हिडिओ कॉलवर मिळालेला ‘पिनकोड बदलून बघा’ हा सल्ला इथे फारसा चालत नाही.

आधी प्रीमियमचे दोन तुकडे वेगळे करा

पॉलिसीत थर्ड पार्टी (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान) आणि ओन डॅमेज (आपल्या गाडीचं नुकसान) असे दोन भाग असतात. थर्ड पार्टीचा दर केंद्र सरकारचं रस्ते वाहतूक मंत्रालय ठरवतं आणि तो देशभर सारखाच असतो, मग गाडी ठाण्याची असो की गडचिरोलीची. १ जून २०२२ पासूनच्या दरांनुसार खासगी गाडीला १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये. इलेक्ट्रिक गाडीला ३० किलोवॉटपर्यंत १,७८०, ३० ते ६५ किलोवॉटला २,९०४ आणि त्यावर ६,७१२. यावर जीएसटी वेगळा. कुणी ‘थर्ड पार्टीत सूट मिळवून देतो’ म्हणालं, तर तो माणूस एक तर गोंधळलेला आहे किंवा तुम्हाला गोंधळवतो आहे.

नव्या गाडीला १ सप्टेंबर २०१८ पासून तीन वर्षांचा थर्ड पार्टी एकदमच घ्यावा लागतो. म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी तुम्ही फक्त ओन डॅमेज घेता, आणि ते वेगळ्या कंपनीकडून घेतलं तरी चालतं. शोरूमने दिलेली कंपनीच पुढे चालवायची सक्ती नाही.

ठिकाणाचा परिणाम होतो तो ओन डॅमेजवर, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर. त्यातही दोन जागी, आणि लोक नेमके चुकीच्या जागेबद्दल भांडतात.

झोनचा फरक किरकोळ, सुटीचा मोठा

२००२ च्या मोटर टॅरिफने, म्हणजे विम्याच्या दरपत्रकाने, खासगी गाड्यांसाठी देशाचे दोन झोन केले. झोन ‘ए’मध्ये मुंबई, पुणे, नवी दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद आणि अहमदाबाद. बाकी सगळा देश झोन ‘बी’. झोन ठरतो तो नोंदणीच्या आरटीओवरून. ठाणे किंवा नवी मुंबई हे नाव या यादीत नाही, म्हणून तुमच्या गाडीला कंपनीने कोणता झोन लावला आहे ते कोटेशनवर किंवा पॉलिसीच्या तपशिलात ‘झोन’ या रकान्यात वाचा. रकाना सापडला नाही तर कंपनीला ईमेल करून लेखी विचारा.

आता यातून पैशांत किती फरक पडतो ते मांडून पाहू. १००० ते १५०० सीसीची, पाच वर्षांच्या आतली गाडी. टॅरिफचा मूळ दर झोन ‘ए’मध्ये आयडीव्हीच्या (विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ३.२८३ टक्के, झोन ‘बी’मध्ये ३.१९१ टक्के. आयडीव्ही सहा लाख धरली तर ‘ए’ला १९,६९८ रुपये, ‘बी’ला १९,१४६. फरक ५५२ रुपयांचा.

पण हा मूळ दर आज कुणीच भरत नाही. १ जानेवारी २००७ पासून ओन डॅमेजचे दर खुले झाले आणि कंपन्या मूळ दरावर भरपूर सूट देऊ लागल्या. ही सूट प्रत्येक कंपनी मॉडेल, इंधन, गाडीचं वय आणि आरटीओ पाहून ठरवते. एखाद्या आरटीओच्या गाड्यांचे क्लेम जास्त आले की तिथली सूट आवळली जाते. दुसऱ्या कंपनीला त्याच आरटीओत धंदा वाढवायचा असतो, ती हात सैल सोडते. ठिकाणाचा खरा परिणाम इथे आहे आणि तो कोटेशनवर ठळक छापलेला नसतो.

वरचीच गाडी घ्या. चार वर्षांत एकही क्लेम नाही, म्हणजे नो क्लेम बोनस ४५ टक्के. समजा, एक कंपनी तुमच्या आरटीओला ७० टक्के सूट देते आणि दुसरी ५५ टक्के. झोन दोन्हीकडे ‘बी’.

पहिलीकडे: १९,१४६ वर ७० टक्के सूट, राहिले ५,७४४. त्यावर ४५ टक्के बोनस वजा, राहिले ३,१५९. थर्ड पार्टीचे ३,४१६ मिळवून ६,५७५. १८ टक्के जीएसटी धरून साधारण ७,७५९ रुपये.

दुसरीकडे: ५५ टक्के सुटीनंतर ८,६१६. बोनसनंतर ४,७३९. थर्ड पार्टीसह ८,१५५. जीएसटी धरून साधारण ९,६२३ रुपये.

फरक १,८६४ रुपयांचा, गाडी तीच आणि प्लेटही तीच. याच हिशेबात ७० टक्के सूट कायम ठेवून फक्त झोन ‘बी’चा ‘ए’ केला तर जीएसटीसह जेमतेम १०७ रुपये वाढतात. म्हणजे झोन बदलायच्या खटपटीत वेळ घालवण्यापेक्षा आपल्या आरटीओवर मेहेरबान असलेली कंपनी शोधणं बरं. (मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा या आकड्यांत धरलेला नाही. तो आधीच कुठे असेल तर दुसऱ्यांदा घ्यायची गरज नसते, पण तसं जाहीर करावं लागतं.)

कोटेशन मागवताना

मुदत संपायच्या महिनाभर आधी चार-पाच कंपन्यांची कोटेशनं घ्या. सगळीकडे आयडीव्ही सारखी ठेवा. कोटेशन स्वस्त दिसावं म्हणून आयडीव्ही गुपचूप खाली ओढणं हा सगळ्यात जुना डाव आहे. सहा लाखांची गाडी पाच लाख वीस हजारांवर आणली की प्रीमियम उतरतो, आणि गाडी चोरीला गेली की तेवढेच पाच लाख वीस हजार हातात पडतात. आयडीव्ही म्हणजे उत्पादकाची यादीतली किंमत वजा घसारा: एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के, दोन ते तीन ३०, तीन ते चार ४०, चार ते पाच ५०. पाच वर्षांपुढे तुम्ही आणि कंपनी आपसात ठरवता.

बोनसचा आकडाही तपासा. क्लेम नसेल तर तो २०, २५, ३५, ४५, ५० असा चढतो, आणि मुदत संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केलं नाही तर शून्यावर येतो. ॲड-ऑन, म्हणजे जादा पैसे भरून घेतलेली कव्हरं, सगळीकडे तेच ठेवा, नाहीतर तुलना म्हणजे आंबे आणि फणस एका तराजूत. मग प्रत्येक कोटेशनमधली ओन डॅमेजची निव्वळ रक्कम काढा आणि तीच शेजारी शेजारी लिहा. जीएसटीसह एकूण रकमेत थर्ड पार्टीचा ठरावीक आकडा मिसळलेला असतो, त्यामुळे खरी तफावत झाकली जाते.

आरटीओ निवडायच्या यादीत ‘मुंबई’, ‘ठाणे’, ‘नवी मुंबई’, ‘पनवेल’ अशी नावं एकाखाली एक असतात आणि घाईत चुकीच्या नावावर बोट पडतं. पैसे भरण्याआधी पॉलिसीच्या मसुद्यातलं नोंदणीचं ठिकाण आरसीशी ताडून पाहा. चूक राहिली तर ती क्लेमच्या वेळी सर्व्हेअरला (नुकसान तपासायला येणाऱ्याला) दिसते, आणि तेव्हा दुरुस्तीला वेळ जातो.

घर बदललं, गाडी तीच

मुंबईहून ठाण्यात किंवा ठाण्याहून उलव्याला गेलात, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४९ नुसार ३० दिवसांत नवा पत्ता आरटीओला कळवायचा असतो. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात नंबर बदलत नाही. एमएच-०२ ची गाडी ठाण्यात आली तरी एमएच-०२ च राहते. त्यामुळे नुसतं घर बदलल्याने विमा स्वस्त होईल ही आशा धरू नका.

काम परिवहनच्या वाहन पोर्टलवर सुरू होतं: आरसीवरचा पत्ता बदलण्याची सेवा, नमुना ३३, चालू विमा, चालू पीयूसी, नव्या पत्त्याचा पुरावा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमती लागते, आणि अर्ज सगळ्यात जास्त अडकतो तो इथेच. बँकेचं पत्र आधी मिळवा, मग अर्ज भरा. भाडेकरार पुरावा म्हणून देणार असाल तर तो नोंदणीकृत असू द्या.

नवी आरसी हातात आली की तिची प्रत विमा कंपनीला पाठवून पत्त्याचं एंडॉर्समेंट (पॉलिसीवर बदलाची नोंद) मागा. हे लोक हमखास विसरतात. मग क्लेम अर्जावर एक पत्ता, पॉलिसीवर दुसरा, आधारवर तिसरा. एवढ्यावरून क्लेम नाकारला जातोच असं नाही, पण प्रत्येक विसंगतीमागे एक खुलासापत्र लिहावं लागतं आणि गाडी तोवर गॅरेजमध्ये धूळ खाते.

परराज्यातली गाडी असेल तर नियम वेगळा. कर्नाटक किंवा गुजरातची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची असेल तर कलम ४७ नुसार इथला नंबर घ्यावा लागतो. तो घेतल्यावर विमा कंपनीकडून नंबर आणि आरटीओ दोन्ही बदलून घ्या. झोन बदलला तर उरलेल्या मुदतीचा फरक तेव्हा भरावा लागू शकतो किंवा परत मिळू शकतो.

जुनी गाडी विकत घेताना, मुंबईची असो वा पनवेलची, आणखी एक गोष्ट. कलम १५७ प्रमाणे थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीबरोबर तुमच्याकडे येतं, पण पॉलिसी तुमच्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करायचा असतो. आणि बोनस विकणाऱ्याचा असतो, गाडीचा नव्हे. जुन्या मालकाच्या ५० टक्के बोनसवर पॉलिसी पुढे रेटली तर पहिल्या मोठ्या क्लेमलाच ते उघडं पडतं.

गावच्या पत्त्यावर नोंदणी करावी का?

हा प्रश्न ठाण्यात फार विचारला जातो, कारण निम्म्या ठाण्याचं गाव सातारा, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गात आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ४० नुसार राज्यातल्या कुठल्याही नोंदणी अधिकाऱ्याकडे गाडी नोंदवता येते. म्हणजे एमएच-११ किंवा एमएच-०७ ची प्लेट घेणं बेकायदा नाही, पत्त्याचा पुरावा खरा असला की झालं.

पण फायदा किती? झोनचा तर वर पाहिलाच, शंभर-सव्वाशे रुपये. सुटीत काही कंपन्यांकडे फरक पडेल, काहींकडे उलटाही पडेल. काही कंपन्यांच्या प्रस्ताव अर्जात गाडी रात्री कुठे उभी असते आणि मुख्यतः कुठे वापरली जाते हे विचारलेलं असतं. तिथे गावचा पत्ता लिहून गाडी रोज माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये चालवत असाल, तर ते खोटं विधान ठरतं. विमा परस्पर विश्वासावर चालतो. अर्जातलं खोटं विधान हा कंपनीच्या हातातला सगळ्यात भक्कम आक्षेप. प्लेट गावची असू दे, वापराचं ठिकाण ठाणेच लिहा. त्याउपर दर परवडत असेल तर खुशाल घ्या.

याच माळेतला दुसरा खोटेपणा: खासगी पॉलिसीवर विमानतळाची भाडी मारणं. भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर खासगी पॉलिसीत स्पष्ट वगळलेला असतो.

दर आरटीओचा, पण धोका तुमच्या इमारतीचा

इथे जरा थांबावं लागेल. कंपनी सगळ्या एमएच-०४ ला साधारण एका मापाने मोजते, पण टेकडीवरच्या पोडियम पार्किंगमधली गाडी आणि वंदना टॉकीज परिसरात रस्त्यावर लावलेली गाडी यांच्या नशिबात फार अंतर आहे. ते अंतर दरात येत नाही. म्हणून कव्हर निवडताना आरटीओ बाजूला ठेवून आपली पार्किंगची जागा डोळ्यांसमोर आणा.

नवी मुंबईचे बरेच नोड खाडीलगतच्या सखल जमिनीवर उभे आहेत. सिडकोने त्यासाठी धारण तलाव बांधले: भरती आली की खाडीकडचे दरवाजे बंद होतात आणि पावसाचं पाणी तलावात साठतं, ओहोटीला बाहेर जातं. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की ही व्यवस्था ताणली जाते आणि पाणी तळमजल्याच्या पार्किंगपर्यंत येतं. कळंबोलीसारख्या सखल वसाहतींत हे नवं नाही. ठाण्याच्या बाजूला जुनं शहर आणि नाल्याकाठच्या सोसायट्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा काय झालं ते या पट्ट्यातल्या कुणालाही नव्याने सांगायला नको.

पार्किंग बेसमेंटमध्ये किंवा सखल रस्त्यावर असेल तर इंजिन प्रोटेक्ट घ्याच. नुसत्या कॉम्प्रिहेन्सिव्ह (दोन्ही भाग असलेल्या) पॉलिसीत पुराने झालेलं नुकसान येतं: आसनं, वायरिंग, साफसफाई. पण पाणी शिरलेल्या इंजिनला स्टार्टर मारल्यावर आत जे मोडतं ते ‘परिणामी नुकसान’ म्हणून वगळलं जातं. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्यावर अडकतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ही दुरुस्ती खिशाला भोक पाडते. इंजिन प्रोटेक्ट त्यासाठीच असतं. घर डोंगराच्या अंगाला, पार्किंग दुसऱ्या-तिसऱ्या पोडियमवर, ऑफिसचा रस्ताही उंचावरून, असं असेल तर ते सोडलं तरी चालेल. मात्र ऑफिसची पार्किंग विसरू नका. पावसाळी दुपारी गाडी घरी नसते, तिथे असते. केवळ थर्ड पार्टी असलेल्यांना पुराचा एक पैसाही मिळत नाही, हेही इथेच.

रस्त्यावर किंवा कंपाउंडबाहेर गाडी लावणाऱ्यांना चोरीची भीती जास्त. गाडी तीन वर्षांच्या आतली असेल तर रिटर्न टू इनव्हॉइस, म्हणजे गाडी गेली तर आयडीव्हीऐवजी बिलाची किंमत देणारं कव्हर, बघा. महाराष्ट्रात याला वेगळी किंमत आहे, कारण इथला रस्ता कर जड: पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाख १२ टक्के, डिझेलला त्याहून दोन टक्के जास्त. दहा लाखांच्या पेट्रोल गाडीवर एक लाख दहा हजार कर भरलेला असतो आणि आयडीव्हीत त्यातला एक रुपयाही धरलेला नसतो. इनव्हॉइस कव्हरच्या अटींमध्ये रस्ता कर आणि नोंदणी खर्च लिहिलेले आहेत का, ते शब्दशः वाचा. एआरएआय (वाहन चाचणी संस्था) प्रमाणित चोरीविरोधी यंत्र बसवलं तर टॅरिफप्रमाणे ओन डॅमेजवर अडीच टक्के सूट मिळते, पण कमाल ५०० रुपये. सुटीसाठी म्हणून यंत्र बसवू नका. गाडी रस्त्यावर असते म्हणून बसवा.

टॉवरमधल्या स्टॅक आणि पझल पार्किंगमध्ये बंपर, आरसे, दारांच्या कडा घासल्या जातात. झिरो डेप असेल तर प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर कापला जाणारा ५० टक्के घसारा वाचतो. गाडी लिफ्टने वर-खाली जात असेल तर चिंता नको, लिफ्टमधून नेताना झालेलं नुकसान नेहमीच्या पॉलिसीच्या यादीत आहे. वादळात झाड कोसळणं, दरड पडणं हेही आहे. घोडबंदरच्या गायमुख घाटातून रोज जाणाऱ्यांनी टायर आणि अलॉयचं कव्हर विचारून घ्यावं, कारण खड्ड्यात नुसता टायर फुटला आणि गाडीला बाकी काही झालं नाही तर नेहमीच्या पॉलिसीत टायरचे पैसे मिळत नाहीत.

पण ओरखड्यांसाठी क्लेम करू नका. वरच्या उदाहरणातल्या गाडीचा बोनस पुढच्या वर्षी ५० टक्के होणार होता. एक क्लेम केला की शून्य. ५,७४४ च्या निम्मे म्हणजे २,८७२ आणि त्यावर जीएसटी, मिळून साधारण ३,३९० रुपये पुढच्याच वर्षी जादा. त्यानंतरही बोनस २० पासून पुन्हा चढायचा. त्यात १५०० सीसीपर्यंत १,००० रुपयांचा सक्तीचा वाटा आपलाच. चार-पाच हजारांचं रंगकाम वागळे इस्टेटमध्ये नाहीतर तुर्भ्यात स्वतःच्या पैशाने करून घेतलेलं परवडतं.

पाणी शिरलंच तर

चावी फिरवू नका. पुश बटनही दाबू नका, ‘फक्त लाइट लागतात का बघतो’ म्हणूनही नाही. पाणी उतरलेलं असेल आणि हात सुरक्षित पोचत असेल तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड असेल तर हातच लावू नका, कंपनीच्या माणसाची वाट पाहा. पाण्याची रेघ दिसेल असे फोटो काढा, त्यात नंबरप्लेट आणि इमारतीचं नाव किंवा पार्किंगचा क्रमांक यायला हवा. त्याच दिवशी कंपनीला कळवा आणि क्लेम क्रमांक लिहून घ्या.

मग टो करून कॅशलेस गॅरेजला. मूळ पॉलिसीत टोइंगसाठी १,५०० रुपयांपर्यंतच मिळतात आणि पुराच्या दिवशी क्रेनवाला तेवढ्यात येत नाही. रोडसाइड असिस्टन्स घेतलेला असेल तर तो इथे कामी येतो. गल्लीतल्या मेकॅनिकला ‘एकदा चालू करून बघ’ म्हणू नका. सर्व्हेअर येण्याआधी इंजिन उघडलं गेलं तर इंजिन प्रोटेक्ट असूनही वाद होतो. दुरुस्ती आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे जात असेल तर गाडी एकूण नुकसानीत धरली जाते, म्हणून पहिला अंदाजखर्च हातात आला की हे गुणोत्तर लगेच काढा.

लोकलने जाणाऱ्यांसाठी

ठाणे स्टेशनजवळ राहून रोज लोकलने सीएसएमटी गाठणाऱ्याची गाडी शनिवार-रविवारी बाहेर पडते. आठवड्याला ६० किलोमीटर धरले तर वर्षाला ३,१२०, शिवाय गावाच्या दोन फेऱ्या. हिरानंदानी इस्टेटमधून गाडीनेच बीकेसी गाठणाऱ्याचे दिवसाला ५० धरले तर महिन्याचे २२ दिवस, म्हणजे वर्षाला १३,००० च्या वर. दोघांना एकच प्रीमियम का? २०२२ च्या जुलैमध्ये विमा नियामक आयआरडीएआयने वापरावर आधारलेल्या कव्हरला ॲड-ऑन म्हणून परवानगी दिली आणि आता किलोमीटरचे टप्पे देणाऱ्या कंपन्या आहेत. पत्त्याचा खरा फायदा मिळवायची ही एक जागा.

टप्पा निवडताना अंदाजाने बोलू नका. मागच्या दोन सर्व्हिसिंगच्या बिलांवरची रीडिंग वजा करा, त्यात दीड हजार किलोमीटरची मोकळीक मिळवा, मगच टप्पा धरा. किलोमीटर संपल्यावर काय, टॉप-अप मिळतो की ओन डॅमेज थांबतं, हे लेखी घ्या. गणपतीला कोकणात गेलात आणि परतीच्या वाटेवर मर्यादा उलटली, असं व्हायला नको.

अडलं तर

कंपनी निवडताना कॅशलेस गॅरेज घरापासून किती लांब हे नकाशावर पाहा. यादीत पाचशे नावं असून वाशीजवळ एकही नसेल तर ती यादी तुमच्या कामाची नाही. क्लेम नाकारला किंवा कमी दिला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी जा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर आयआरडीएआयचं बीमा भरोसा पोर्टल आणि १५५२५५ हा क्रमांक आहे. त्यापुढे विमा लोकपाल. ठाणे, नवी मुंबई, रायगडसाठी आता मुंबई किंवा पुण्याला जावं लागत नाही, ठाण्यातच कार्यालय आहे. कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून एका वर्षात अर्ज करायचा. शुल्क नाही, वकील लागत नाही. सोबत पॉलिसीची पूर्ण प्रत, नाकारल्याचं पत्र, सर्व्हे रिपोर्ट आणि ते फोटो जोडा, ज्यात पाण्याची रेघ आणि पार्किंगचा क्रमांक दोन्ही दिसतात.